परूस

विहिरीची खोली आमच्यात फुटात सांगत नाहीत,
परसात सांगतात.
परूस म्हणजे एक माणूस
तळाला उभा, दोन्ही हात वर,
बोटांच्या टोकापर्यंत.
कागलच्या वडारवाडीत म्हातारे अजून बोलतात,
अमक्याची सात परूस, तमक्याची नऊ,
म्हणजे नऊ माणसं, एकाच्या हातांवर एक,
आणि सगळ्यात वरच्याच्या बोटांना ऊन.

माझा पणजा यंकाप्पा
पंधरा सालच्या दिवाळीनंतर बोटीत बसला.
चावडीवर सांगितलं होतं, खोदायचंच काम आहे.
त्याला वाटलं,
बसऱ्याला पाणी नसंल.

तिथं नदी होती, आपल्या दूधगंगेच्या दहापट.
पाणीच पाणी, आणि दगड नाही.
मुठीएवढा दगड नाही, म्हणायचा,
वडराच्या पोरानं काय फोडायचं?
नुसता गाळ. रात्री काढला की पहाटे परत भरायचा.
खंदक हा शब्द त्यानं कधी वापरला नाही.
आडवी हीर, म्हणायचा.
लांबच लांब, दर पंधरा पावलांवर मुद्दाम वाकडी केलेली,
गोळा फुटला तर एकाच वळणातली माणसं जावीत
म्हणून.

लढायांची नावं त्याला थरांसारखी पाठ.
वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण,
तसं
शेख साद, मग वाडी, मग हन्ना, मग सन्नय्यात.
वाडी ऐकल्यावर त्याला वाटलं, चला,
एक तरी आपल्याकडचं गाव लागलं.
हन्नाला पाऊस होता.
त्यापुढं तो सांगायचा नाही,
तंबाखू मळायचा, मळतच राहायचा.
एकदाच म्हणाला, चिखलातनं बूट ओढला
तर बुटात पाय होता.

आडवी हीर एक परूस खोल.
फक्त त्यात हात वर करायचे नसतात.
एका बाजूनं केले तर गोळी,
दुसऱ्या बाजूनं केले तर शरण.

वीस साली परत आला
आणि नदीकाठच्या मळ्यात हीर धरली.
एक परूस गेल्यावर थांबला.
शेजारच्या मळ्यात कुणी सुरुंग उडवला होता एवढंच.
हा खाली उकिडवा बसला तो बसलाच,
डोकं गुडघ्यात, पहार उराशी.
पाझर फुटला, पाणी कमरेला लागलं.
काठावरची माणसं आधी हसली,
मग हाका मारून मारून गप झाली.

तिपव्वा भाकरी घेऊन आली.
तिनं हाक मारली नाही.
काठावर, अगदी कडेला, सरळ उभी राहिली
भर दुपारी, पदर वाऱ्यावर,
सगळ्या मुलखाला दिसेल अशी.
किती वेळ, कुणी मोजलं नाही.
तिला काही झालं नाही,
हे त्यानं खालनं बघितलं.
मग दोर धरला.

चावडीच्या भिंतीत एक दगड आहे:
या गावातून लढाईस गेले एकतीस,
पैकी परत न आले चार.
यंकाप्पा एकतिसांत नाही. खोदणारे धरले नाहीत.
दगड मात्र त्यानंच घडवला.
वाचता येत नव्हतं,
मास्तरानं कोळशानं काढून दिलेल्या रेघांवरनं
छिन्नी चालवली.
'चार'मधला र जरा खोल गेलाय.

मी एमआयडीसीत जेसीबी चालवतो.
काल ड्रेनेजचा चर होता, दोनशे मीटर,
सुपरवायझर म्हणाला, सरळ पाहिजे हां,
कुठं वाकडा नको.
सरळ काढला.
खोली बघायला हेल्पर पोरगं खाली उतरलं,
बिहारचं, सोळा-सतराचं असंल,
टेप वरच विसरलं होतं.
चेहरा माझ्याकडं,
दोन्ही हात वर करून विचारलं,
बस क्या, भैया?

बकेट त्याच्या डोक्यावर होती.
मी इंजिन बंद केलं.